माहेरचं गाव आधी लिहा

खान्देशात बोलीचं रेकॉर्डिंग करायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत एक रकाना बहुतेक वेळा आखलेलाच नसतो: माहेर. बोलणाऱ्या बाईंचं नाव असतं, वय असतं, गाव असतं. पण ते गाव सासरचं. समजा, बाई यावलला नांदतात आणि लहानपण गेलं अमळनेरकडे. त्यांच्या तोंडून अहिराणीतलं ‘शे’ (आहे) येणार, ‘मी जास’ (मी जाते) येणार, आणि वहीत लिहिलं जाणार ‘यावल तालुक्यातील बोली’. पुढे कुणी त्या वहीवरून नकाशा काढला की तापीच्या उत्तरेला, लेवा गणबोलीच्या पट्ट्यात, अहिराणीचा एक खोटा ठिपका उमटतो. तो पुसायला कुणी परत जात नाही. तो पुढच्या प्रबंधात उतरतो, तिथून पाठ्यपुस्तकात.

भाषा, इतिहास, लोकसाहित्य यांत संशोधन करून आजच्या माणसाला काय मिळतं, असा प्रश्न विद्यापीठाच्या आवारातही ऐकू येतो. शब्द, गाणी, जुने कागद गोळा करणारे पुष्कळ आहेत. हा शब्द कुणाचा, कुठला, कधीचा आणि कुणासमोर उच्चारलेला, हे छातीठोकपणे सांगता येणं हे संशोधकाचं काम आहे, आणि लोकांच्या कामी येतो तो नेमका हाच भाग. वनहक्काच्या दाव्यात, जातपडताळणीत, दवाखान्यात, पहिलीच्या वर्गात.

जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जे रचलं ते मुलगा सोपानदेव आणि घरातलेच एक नातलग यांनी उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. आजही त्यांना सर्रास ‘अहिराणी कवयित्री’ म्हटलं जातं. त्यांची बोली लेवा गणबोली. माहेर आसोदा, सासर जळगाव. इतक्या प्रसिद्ध बाईंच्या बाबतीत ही गल्लत होते, तर जिचं नाव कुठेच छापलेलं नाही तिच्या बोलीचं काय होत असेल?

ढोबळ नकाशा असा धरावा. अहिराणी धुळे जिल्ह्यात, जळगावच्या अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, चोपडा या बाजूला आणि नाशिकमधल्या बागलाण, मालेगाव, कळवणकडे. लेवा गणबोली जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या भागात. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरी. नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, कोकणी आणि सपाटीला गुजरी व अहिराणी. ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषासर्वेक्षणात नवव्या खंडात खान्देशी ही भिली भाषांच्या शेजारी ठेवलेली आहे. २०११च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या स्वतंत्र शीर्षाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोक मोजले गेले. हा आकडा वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की जनगणना मोजते ते माणूस आपली मातृभाषा म्हणून जे सांगतो ते. घरात अहिराणी बोलून प्रगणकाला ‘मराठी’ सांगणारा मराठीत मोजला जातो.

विषय निवडतानाच निम्मं काम बिघडतं. ‘खान्देशातील लोकसाहित्य : एक अभ्यास’ असा विषय घेतला की तीन जिल्हे, सहा-सात बोली, दहा-बारा गीतप्रकार गळ्यात पडतात आणि हातात उरतं ते आधीच्या पुस्तकांतून उचललेलं. एका तालुक्यातली चार गावं, एक सण, एक गीतप्रकार एवढंच घ्या. आखाजीची गाणी घ्यायची तर अक्षय्य तृतीयेच्या आधीचा पंधरवडा गावात हवा, कारण लेकी माहेरी येतात त्या तेव्हाच आणि झोके बांधले जातात ते तेव्हाच. कानबाईची गाणी श्रावणात. सातपुड्यातल्या आदिवासींचा भोंगऱ्या बाजार होळीच्या आधी. पेट (पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा), कोर्सवर्क आणि समितीच्या तारखा सांभाळता सांभाळता हे एकदा हुकलं की थेट पुढचं वर्ष. म्हणून आराखडा पंचांग समोर ठेवून करावा. कापसाच्या वेचणीत, ऑक्टोबरपासून पुढे, दिवसा कुणाकडे जाऊ नये. बाई शेतातून थकून आलेली असते आणि तिला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून ती बसते. ते रेकॉर्डिंगही तसंच निघतं.

आता प्रत्यक्ष नोंद. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान: संकेतांक, वय, माहेर, सासर, कोणत्या गावी किती वर्षं, शाळा किती, घरात कोणती बोली, बाजारात कोणती, नवऱ्याच्या घरची बोली कोणती. पुरुषांचंही आईचं माहेर लिहावं. वय विचारलं तर ‘साठ-सत्तर’ असं उत्तर येतं. त्याऐवजी बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात, लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं, असं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय सापडतं. मग रेकॉर्डिंगचं: तारीख, जागा, विचारणारं कोण, आणि आजूबाजूला कोण बसलं होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सासरे किंवा सरपंच ओट्यावर बसले असतील तर गाण्यातली अर्धी कडवी गळतात. ती बाईला येत नव्हती असं नाही.

यंत्राची बाजू फार अवघड नाही. वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच चॅनेलवर रेकॉर्ड केलं तर तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. ३२ जीबीचं कार्ड एका गावाला पुरून उरतं. एमपीथ्रीत थेट रेकॉर्ड करू नये. दाबलेल्या आवाजात नाकातले उच्चार आणि शब्दाच्या शेवटचा बारीक ‘स’ अस्पष्ट होतो, आणि अहिराणीत ‘करस’, ‘जास’ यांतला तो ‘स’ म्हणजेच क्रियापदाचं रूप. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावावा, पदराखाली जाऊ देऊ नये. पंखा बंद. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पंखा बंद करायला सांगणं हा अन्याय आहे, तेव्हा बैठक पहाटे किंवा रात्री ओट्यावर घ्यावी. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो; गोधड्या लावलेली खोली चांगली. मोबाइल विमान मोडवर. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि संमती आवाजात घ्यावी, आणि ती त्यांच्या बोलीत. ‘सदर मुलाखत शैक्षणिक प्रयोजनार्थ’ असं वाचून दाखवलेली संमती ही संमती नाही.

विचारायचं कसं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘मला भूक लागली हे तुम्ही कसं म्हणता?’ असं विचारलं की ‘मले भूक लागनी’ मिळतं आणि विद्यार्थी खूश होतो. पण हे तुमच्याच मराठी वाक्याचं शब्दाला शब्द केलेलं रूपांतर आहे. त्यात बोलीची स्वतःची वाक्यरचना येत नाही. त्याऐवजी काम सांगायला लावावं. खापरावर मांडे कसे करता? कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं दळता? भरताची वांगी पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळल्या काड्यांवर) का भाजतात, गॅसवर का नाही? बाई सांगायला लागली की दहा मिनिटांत ती तुमच्याशी प्रमाण मराठी बोलायचं विसरते. ‘घरमा’, ‘गावमा’, ‘मले’, ‘तुले’, ‘बठ्ठा’ असं सगळं ओघात येतं. पहिली दहा मिनिटं व्याकरणासाठी वापरू नयेत, असा नियमच करावा. आणि तुम्ही स्वतः अहिराणी बोलत असाल तर तुमची अहिराणी तिच्या बोलण्यात शिरते. म्हणून तुमचेही प्रश्न लिहून काढावे लागतात, फक्त उत्तरं नाहीत.

गाण्यांसाठी दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत बायका जमून गातात तसं अख्खं घ्यायचं, मध्ये थांबवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीबरोबर बसून शब्द समजून घ्यायचे. नुसती दुसरी फेरी केली तर बाई धृपद गाळते, कारण एकटीनं ते म्हणण्यात अर्थ नसतो. छापील संग्रहांतही धृपदं ‘पुनरुक्ती’ म्हणून कापलेली दिसतात. धृपद म्हणजे बाकीच्या बायका सामील होण्याची जागा. ती कापली की सामूहिक गाण्याची एका बाईची कविता होते.

लिहून काढायला एका तासाच्या आवाजाला आठ-दहा तास धरा. बोली तुमची नसेल, तीन-चारजणी एकदम बोलत असतील आणि अर्थही लिहायचा असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. ईलॅन ही मोफत आज्ञावली वापरावी. तीत प्रत्येक वाक्य आवाजातल्या नेमक्या सेकंदाला बांधलेलं राहतं, त्यामुळे दहा वर्षांनी कुणी शंका घेतली तर ऐकवता येतं. लिहिताना ऐकलं तेच लिहायचं. ‘डोया’ ऐकलं तर ‘डोया’, ‘शाया’ ऐकलं तर ‘शाया’. खाली ‘डोळा’, ‘शाळा’ हा अर्थ वेगळ्या ओळीत. मोबाइलचा कीबोर्ड असले शब्द आपोआप ‘सुधारतो’, तेव्हा ती सोय आधी बंद करावी. लिहिण्याचे नियम एका पानावर ठरवून तेच पान प्रबंधाला जोडावं. देवनागरीत न बसणारे उच्चार कसे दाखवले, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग कुठे? मोबाइलवर बोलून टाइप करण्याच्या सोयींनी अहिराणी ऐकली की त्या तिचं वाकडंतिकडं मराठी करतात, कारण त्या यंत्रांना शिकवायला आवाज आणि लिखाण यांची जुळलेली जोडी लागते, आणि ती या बोलींत फार थोडी आहे. वर सांगितल्याप्रमाणे केलेलं एक तासाचं काम थेट तिथे वापरता येतं. कोण बोललं आणि कुठलं, हे सोबत असेल तरच. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत पहिलीला आलेल्या पावरी बोलणाऱ्या पोराला मराठी ही दुसरी भाषा असते. शिक्षकाला दोनशे-तीनशे रोजचे शब्द, त्या पाड्यातल्या उच्चारासह, मिळाले तर पहिलं वर्ष वाया जात नाही. दवाखान्याचंही तसंच. दुखणं कसं दुखतं याचे शब्द दर बोलीत वेगळे असतात, आणि डॉक्टरला निदानासाठी नेमके तेच हवे असतात.

वनहक्काबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या तालुक्यांत हा रोजीरोटीचा प्रश्न आहे. २००६चा कायदा आणि २००८चे नियम यांत कोणते पुरावे चालतील ते नियम १३ मध्ये दिलं आहे. त्यात गॅझेटिअर, जनगणना, सर्वेक्षण व जमाबंदी अहवाल आहेत. नामांकित संस्थांनी केलेलं रूढी-परंपरांचं संशोधन आहे. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचं लेखी उतरवलेलं निवेदनही आहे. म्हणजे इतिहास, मानवशास्त्र आणि मौखिक परंपरा या तिन्ही विषयांचं काम कायद्यानेच पुराव्यात घेतलेलं आहे. एकाच पुराव्यावर विसंबू नये, एकाहून अधिक विचारात घ्यावेत, असंही नियमांत आहे. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना त्याआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास.

निवेदनं कमकुवत ठरतात ती ठरावीक कारणांनी. वीसजणांचं निवेदन एकाच हस्ताक्षरात, एकाच वाक्यांत: ‘मला आठवते तेव्हापासून सदर जमीन कसत आहेत.’ हे वाचून दावा तपासणाऱ्या समितीला काहीच कळत नाही. निवेदन घ्यायचं ते जागेवर उभं राहून. आजोबा नाल्याला काय म्हणतात, टेकडीला काय म्हणतात, देव कुठे आहे, जाळण्या-पुरण्याची जागा कुठली, गुरं कुठून उतरत, पाणी कुठलं पीत. सामूहिक दाव्यात चराईची जागा, कंदमुळं व चारा गोळा करण्याची जागा, पाण्याचे स्रोत, पवित्र झाडं, दफनभूमी हे सगळं पुरावा म्हणून नियमांत घेतलेलं आहे. मूळ बोलीतलं वाक्य डावीकडे, मराठी उजवीकडे. नकाशावर बहुतेक वेळा त्या नाल्याचं नाव मराठी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. म्हणून लोकांच्या तोंडचं नाव आणि नकाशातलं नाव दोन्ही लिहावीत, जीपीएसच्या आकड्यासह. काळ ठरवायला घटना धराव्यात: रस्ता झाला तेव्हा, शाळा आली तेव्हा, अमुकचं लग्न झालं तेव्हा. शेवटी त्यांच्याच बोलीत वाचून दाखवून मग अंगठा. भाषाशास्त्राचा विद्यार्थी ज्या काळजीने एक क्रियापद नोंदवतो तीच काळजी इथे एका कुटुंबाच्या दोन एकरांना लागते.

गॅझेटिअरबद्दल एक सावधगिरी. खान्देशचा खंड १८८०चा. गावांची नावं, पिकं, बाजार, रस्ते, घाट यांसाठी तो अमोल आहे. पण भिल्लांच्या स्वभावाविषयी त्यात जे लिहिलं आहे ते १८२५ साली भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभी करणाऱ्या आणि १८५७ला भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्याशी लढणाऱ्या सरकारच्या चष्म्यातून. तो मजकूर सरकारचं मन कळायला वापरावा, भिल्लांचं मन कळायला नाही. पीएच.डी.च्या प्रबंधांत ही वर्णनं ‘सामाजिक पार्श्वभूमी’ म्हणून जशीच्या तशी उतरलेली दिसतात, तेव्हा वाईट वाटतं.

जुने कागद शोधताना जिल्ह्यांचा हिशेबही पाठ हवा. १९०६ला खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्याआधीचा जळगावकडचा कागद नुसत्या ‘खान्देश’ या नावाखाली, धुळ्याच्या कचेरीचा म्हणून सापडतो. मालेगाव-बागलाण १८६९ला नाशिककडे गेले. नंदुरबार जिल्हा १९९८चा. ‘आमच्या जिल्ह्यात रेकॉर्डच नाही’ असं म्हणण्याआधी त्या वर्षी जिल्हा कोणता होता ते पाहावं.

मोडी आणि कालगणना याबाबतीत मात्र थोडं थांबावंच लागेल. जातपडताळणीत अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे पुरावे लागतात, आणि गाव नमुना १४ व कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या), शाळेचं जनरल रजिस्टर यांतल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हं नसतात, आणि कारकून आपल्या सोयीने संक्षेप करतो. ‘कु.’ दिसलं की कुणबी वाचायचं की कुंभार? एका नोंदीवरून ठरवू नये. त्याच हस्ताक्षराची आधीची वीस आणि नंतरची वीस पानं वाचावीत, त्या माणसाची लिहिण्याची सवय कळते. तो कुठेतरी पूर्ण शब्द लिहितोच. अर्जदाराला घाई असते, मोडी वाचकावर दडपण येतं. तरी अक्षर लागलं नाही तर लिप्यंतरात जागा रिकामी सोडून तसं लिहावं. अंदाजाने भरलेलं एक अक्षर पुढे सगळ्या कुटुंबाचा दाखला अडकवतं.

पेशवाईतल्या कागदांत वर्ष अरबी शब्दांत असतं, एकक आधी, मग दशक, शतक, हजार. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे ३, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६३. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा १४ जानेवारी १७६१ हा दिवस सुहूर ११६१ मध्ये येतो, त्यावर हिशेब ताडून पाहता येतो. महसुलासाठी वापरला जाणारा दक्षिणेतला फसली सनही मृगालाच बदलतो, पण त्याला ५९० किंवा ५९१ मिळवायचे. म्हणजे एकाच वर्षाचा फसली आकडा सुहूरपेक्षा नऊने जास्त. कागदावर नुसतं ‘सन ११७०’ असेल आणि वाचणाऱ्याने सुहूर धरला, तर प्रत्यक्षात फसली असलेला कागद नऊ वर्षं पुढे जातो; ज्याच्या नावे वतन होतं तो माणूस तोवर वारलेलाही असतो. तारखेआधी ‘छ’ असेल तर ती चांद्र महिन्याची तारीख. शकाला ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे, शके ११२८, म्हणजे साधारण १२०६-०७. गणिताच्या इतिहासातला इतका मोलाचा पुरावाही शेवटी शिलालेख वाचणाऱ्याच्याच हातून येतो.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि त्यांची कागदपत्रं राखण्यासाठी लगेच पुढच्या वर्षी ते उभं राहिलं. तिथेच समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. अमळनेरला १९१६पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर आहे. अशा ठिकाणी जाताना परवानगीचं पत्र, पेन्सिल आणि धुऊन कोरडे केलेले हात एवढंच न्यावं. सुती हातमोजे नकोत, त्यांनी कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. फोटो फ्लॅशशिवाय, आणि प्रत्येक फोटोत रुमालाचा (कागद बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याचा) क्रमांक व मोजपट्टी दिसलीच पाहिजे; सुटा फोटो घरी आल्यावर कुठल्या रुमालातला ते सांगता येत नाही आणि मग तो वापरताही येत नाही.

काम संपलं की मूळ वेव्ह फाइली तीन जागी ठेवाव्यात, त्यांतली एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. गावाला द्यायची प्रत वेगळी. तिथे वेव्ह देऊन उपयोग नाही. एमपीथ्री करून मेमरी कार्डावर द्यावं, म्हणजे साध्या मोबाइलवरही वाजतं. सोबत मोठ्या अक्षरांतली शिवलेली पुस्तिका, गाण्यांची आणि शब्दांची, पुढच्या आखाजीच्या आधी पोचेल अशी. ज्या बाईंनी नाव छापू नका म्हटलं असेल त्यांचा संकेतांकच राहू द्यावा. ज्यांना नाव हवं असेल त्यांना ते कसं छापायचं हे विचारून घ्यावं. काहींना सासरचं आडनाव हवं असतं, काहींना नुसतं नाव आणि पुढे माहेरचं गाव.